वसंतदादाची उचल

वसंतदादा गेममध्ये कुणाला मारायचा तेव्हा टेबलावर असा दणका घालायचा, की शेजारच्याचा कीबोर्ड उडायचा. बोईसरला माझं गेमिंग सेंटर आहे. पन्नाशीचा हा माणूस पहिल्यांदा आत आला तेव्हा मला वाटलं, पोराला शोधायला आलाय. त्याने खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारलं, "कुठं दाबला की माणूस मरतो?"

मी दाखवलं. त्या दुपारी त्याने जो समोर येईल त्याला कापलं, शेवटी स्वतःच्या बाजूचाही एक.

दादा दातिवऱ्याचा. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी होता, मग तारापूरच्या एका कारखान्यात फिटर झाला. होडीवर ज्याचा हुकूम चालतो तो तांडेल. ते पद काही त्याच्या वाट्याला आलं नाही. गेममध्ये मात्र बघता बघता त्याने सगळ्यात मोठा किल्ला उभा केला आणि त्याचा सरदार झाला. त्या गेमचा नियमच रानटी आहे. सरदारावर ज्याचा शेवटचा घाव बसेल, त्याला किल्ला आणि खजिना मिळतो. त्यामुळे दादावर रोज हल्ले व्हायचे आणि रोज मुडदे पडायचे.

तो सर्व्हर मीच चालवायचो, आणि माझी पंचाईत वेगळी होती. एमआयडीसीतली नवी पोरं हौसेने यायची. हातात ना कुऱ्हाड ना घोडा, वेशीबाहेर पाऊल टाकलं की खलास. दोनदा मेली की फिरकायची नाहीत. सेंटर ओस पडायला लागलं. मी दादापुढे रडगाणं गायलो, तर तो म्हणाला, "उचल दे त्यांना. सीझनच्या आधी आमी घेतो तशी."

अशी आमच्याकडे बँक सुरू झाली. दादा आपल्या खजिन्यातून नव्या खेळाडूला सोनं, घोडा, कुऱ्हाड द्यायचा. व्याज नाही. प्रत्येक लुटीतला एक वाटा बँकेला, आणि लुटीत मेलास तर बँकेचंही बुडालं. मी म्हटलं, दादा, अशाने बुडशील. तो म्हणाला, "जाल्यात मासली नाय आली तं खलाशाला बुडवतात काय?"

एक अट मात्र कडक होती, तीही होडीवरचीच. ज्याची उचल घेतली त्याची ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर चढायचं नाही. चढलाच, तर तांडेल जाऊन त्याला गचांडी धरून खाली ओढणार. पोरं हसली आणि त्यांनी उचल घेतली. सेंटर पुन्हा भरलं. आता प्रत्येकाच्या हाती कुऱ्हाड असल्यामुळे कत्तलीला काही सुमार राहिला नाही, आणि दादा पडद्यासमोर आनंदाने शिव्या घालत बसायचा. मला तो फार आवडायचा, आणि त्याच्या हाताची भीतीही वाटायची.

बबलू हा कापडाच्या मिलमधला पोरगा, दादाला चाचा म्हणायचा. सगळ्यात मोठी उचल त्याची होती. एका गुरुवारी शत्रूच्या टोळीने दादाच्या किल्ल्याचा दरवाजा फोडला, आणि दरवाज्यावर घाव घालणाऱ्यांत बबलूचं नाव होतं.

शुक्रवारी मिलला सुट्टी. बबलू येऊन खुर्चीत बसतोय तोच दादाने त्याची कॉलर धरली. "मैं तो ड्यूटी पे था, चाचा," एवढंच तो बोलू शकला. दादाने त्याला खुर्चीतून उपसलं आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मी मध्ये पडलो तर मलाही भिंतीवर फेकलं. टेबलावर रक्त होतं आणि रक्तात बबलूचा पुढचा दात.

तासाभरात बबलूच्या खोलीवरचे पाच-सहा जण सळ्या घेऊन आले. काचेचा दरवाजा गेला, दोन मॉनिटर गेले. दादाने स्टूल उचलून एकाचा खांदा निकामी केला. त्या गदारोळात बबलूचा खोलीसोबती ओरडला, "कल उसकी आयडी पे मैं खेल रहा था! उसको क्यों मारा?"

त्या खोलीत खाटा कमी आणि माणसं जास्त. दिवसपाळीवाला गेला की त्याच्या खाटेवर रातपाळीवाला झोपतो. आयडीही तशीच पाळीने वापरायची, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दादाच्या डोक्यात ते येणं शक्यच नव्हतं. होडीवर एका नावाचा एकच माणूस असतो.

दादाने स्टूल खाली ठेवलं. त्याच्या पाठीत दोन सळ्या बसल्या, त्याने हातसुद्धा आडवा घेतला नाही. शेवटी तोंडाला फडकं धरलेल्या बबलूनेच त्यांना आवरलं.

पुढच्या शुक्रवारी दादा आला तो थेट बबलूशेजारी बसला. सगळ्यांची उचल अजून फिटायची आहे, बँक बंद करू नको, असं त्याने मला बजावलं. मग त्याचा सरदार किल्ल्याबाहेर आला, ढाल टाकली आणि बबलूसमोर उभा राहिला.

"मार," दादा म्हणाला. "ज्यानं चुकीच्या खलाशावर हात टाकला त्याला तांडेल म्हणून ठेवत नाय. आता बँक तुजी."

"रहने दो, चाचा. खेल है."

"दात खेलातला नव्हता. मार."

बबलूने कुऱ्हाड चालवली. सरदार हलला नाही. पहिल्या घावाला त्याचा खांदा तुटला, मग तो गुडघ्यावर आला. सेंटरमध्ये सगळे उभे राहून बघत होते. एका घावाचा जीव उरला आणि बबलू थांबला. त्याचे डोळे भरले होते. तो मानेनेच नाही म्हणत राहिला.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग बबलूच्या माउसवरच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.