न मांडलेलं रुखवत

धाकट्या बहिणीच्या रुखवताची पिशवी आमच्या माळ्यावर पंचवीसएक वर्षं होती. तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि मुलाकडून नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही. आईने क्रोशाने विणलेल्या सगळ्या वस्तू एका सुती साडीत बांधल्या आणि पिशवीत भरल्या. पुढे त्या घरात वापरायच्या म्हटलं तर आई नको म्हणायची, कुणाला द्यायच्या म्हटलं तरी नकोच.

आई गेल्या वर्षी गेली. बहीण नेरूळला आमच्याबरोबरच राहायची. आईचं शेवटचं सगळं तिनेच केलं. त्यानंतर तिने घणसोलीत, तळवलीच्या बाजूला, छोटं घर घेतलं. पन्नाशी उलटल्यावर तिचं पहिलं स्वतःचं घर. ताबा मिळाला तसं तिने मला सांगितलं, "दादा, ती पिशवी काढून दे. मी शोभेचं काही विकत आणणार नाही. त्यातलंच लावणार."

माझी बायको मला हळूच म्हणाली, "अहो, मोडलेल्या लग्नाचं रुखवत नव्या घरात?"

बहिणीला ते ऐकू गेलं. "वहिनी, इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर होतं. पडलं का काही खाली?"

बायको हसली आणि स्टूल आणायला गेली.

वस्तू पिवळ्या पडल्या होत्या, पण सुताला कुठे कसर लागली नव्हती. बहिणीने कोमट पाण्यात साबण घालून त्या रात्रभर भिजवल्या आणि टॉवेलवर पसरून वाळवल्या. मी टेप घेऊन मापं घेतली. मला मापं घ्यायला बरं वाटतं, निदान हात रिकामे राहत नाहीत. गोल रुमाल तिने निळ्या कापडावर टाचून उशांचे अभ्रे केले. टीपॉयवरच्या रुमालाला मी लाकडी चौकट करून घेतली. दाराच्या तोरणाचे मणी निखळले होते, ते बायकोने ओवून दिले. दुसरं तिसरं काही नाही, तेवढ्यात तीन भिंती भरल्या.

राहिला टेबलक्लॉथ. आईचं सगळ्यात मोठं काम. अठ्ठेचाळीस इंच रुंद, साठ इंच लांब, सगळी चौकोनी जाळी. बहिणीच्या हॉलच्या खिडकीला तो पडदा म्हणून जवळजवळ मापात बसत होता. आम्ही तो रॉडवर टाकून पाहिला. मागून उजेड आला आणि मधोमध भरलेल्या चौकोनांतली दोन अक्षरं उठून दिसली. एक बहिणीचं, एक त्या मुलाचं. आईने दोन्ही अक्षरांना मिळून एकच शिरोरेषा दिली होती.

समोरच्या इमारतीच्या गॅलरीतूनही ती वाचता आली असती.

"हाच लावायचाय मला," बहीण म्हणाली. "पण हे अक्षर नको."

मी म्हटलं, ते कापून काढता येणार नाही. कापलं की आजूबाजूची जाळी सुटत जाईल. बायकोने सुचवलं की त्यावर एखादं फूल शिवू. बहिणीने मान हलवली. "फुलाखाली तो आहेच की."

मग मी कापड उलटंसुलटं करून पाहिलं. विणकाम खालून वर ओळीओळीने गेलं होतं. किनार घालायची राहिली होती, त्यामुळे शेवटच्या ओळीची गाठ कोपऱ्यात तशीच होती. ती सोडली तर वरून उसवत खाली येता येईल. पण मग वरचा सव्वीस इंचांचा भाग आणि त्याखालची आठ इंचांची अक्षरं, दोन्ही जाणार. शिवाय दोन्ही अक्षरं त्याच ओळींत होती.

"त्याचं काढायचं तर तुझंही जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. मला माझं नाव पाठ आहे."

तिने सुईने गाठ मोकळी केली आणि दोरा ओढायला लागली. मी समोर बसून तो पुठ्ठ्यावर गुंडाळत होतो. बायकोने चहा ठेवला आणि पंखा बंद केला, दोरा उडू नये म्हणून. धुतल्यामुळे टाके एकमेकांत रुतले होते, मधूनमधून अडकत होते. बहीण घाई करत नव्हती. आईच्या हातचं उसवताना मला वाईट वाटेल असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. आईला नेलं त्या दिवशीही झालं नव्हतं. मी गुंडाळत राहिलो.

वरची साधी जाळी संपली आणि आधी शिरोरेषा गेली. मग अक्षरं वरून कमी होत गेली. अक्षरांच्या ओळींना दोरा जास्त लागला होता. पुठ्ठ्यावरचा गुंडा तिथे भरभर वाढला. एक वेळ अशी आली की दोन्ही अक्षरांचे फक्त खालचे दांडे उरले होते आणि कुठलं कुणाचं ते सांगता येत नव्हतं.

बहिणीने हात थांबवला. "दादा, तुला काही होतंय का?"

"नाही. तुला?"

"मी वाट बघत होते," ती म्हणाली, आणि पुन्हा ओढायला लागली.

दांडे गेले. पुढे साधी जाळी सुरू झाली, तिथे तिने दोरा तोडून नवी गाठ मारली. मी माप घेतलं. सव्वीस इंच उरलं होतं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर ते नीट बसलं. रॉड मी खाली घेतला, दोन नवी भोकं पाडावी लागली.

रविवारी वास्तुशांत झाली. आमची आत्या, वडिलांची बहीण, हिनेच त्या वेळी ते स्थळ आणलं होतं. ती घरभर फिरली, उशा दाबून पाहिल्या, मग खिडकीशी उभी राहिली.

"हे तुझ्या आईच्या हातचं ना गं? मोठं होतं की हे. आणि मध्ये काहीतरी काढलेलं होतं तिने."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलला.

"होतं," बहीण म्हणाली. "मी उसवलं."

"आणि आता हे अर्धंच?"

"खालचं झाकलं की पुरे, आत्या. वरून कोण बघतंय?"

आत्या पडद्याकडे पाहत राहिली. बहिणीने तिच्या हातात शिऱ्याची वाटी दिली आणि चमचा आणायला आत गेली.