प्रसाद खाल्लेला साहेब

तिगावच्या वाटेवरच्या आमच्या गावात स्टँपपेपरला कोणी विचारत नसे. माझा शेजारी भगवंतराव 'हो' म्हणाला की जमिनीची वाटणी व्हायची, सोयरीकही जुळायची.

म्हणूनच परदेशी सरकारच्या बँकेचा साहेब संत्र्यांच्या शीतगृहासाठी जागा बघायला आला, तेव्हा सरपंच दामिनीबाईंनी भगवंतरावालाच पुढे केलं. कर्ज त्यांचं, फेडायचं आपल्या सरकारने, आणि जागा हवी ती आमच्या पोळ्याच्या मैदानाची. गाव अडून बसलं. साहेब म्हणाला, पुढच्या पोळ्याआधी नाल्यापलीकडे दुसरं मैदान करून देऊ.

भगवंतरावाने कागद मागितला नाही. त्याने जामसांवलीच्या मारुतीचा पेढा साहेबाच्या हातावर ठेवला. हा प्रसाद खाऊन दिलेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. दुभाषी सुचिता बाहेरची, तिने 'देवाचा प्रसाद' एवढंच सांगितलं. साहेबाने पेढा खाल्ला, वर आणखी एक मागून घेतला. गावाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. ग्रामसभेत सगळे हात वर झाले.

भिंती उभ्या राहिल्या, मैदानाभोवती तारेचं कुंपण लागलं. मग तिकडचं सरकार बदललं आणि नव्या सरकारने कर्जाचे पुढचे हप्ते रोखले. साहेबाची बदली भलत्याच देशात झाली. भगवंतरावाने सुचिताकडून साहेबाला फोन लावून घेतला. साहेब गोड बोलला. करारात दुसऱ्या मैदानाचा उल्लेखच नाही म्हणाला, आणि पेढा फार छान होता, हेही म्हणाला.

"पण त्यानं प्रसाद खाल्ला ना, बाई," भगवंतराव म्हणाला. "खाऊन कसा काय फिरून राहिला तो?"

माझं डोकंच फिरलं. चोर परवडला, तो निदान तोंड तरी लपवतो.

यंदा पोळ्याला बैल डांबरी रस्त्याच्या कडेला उभे केले. ट्रक हॉर्न देत जात होते, बैल बुजत होते. भगवंतरावाला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर त्याच्या सख्ख्या भावाने, दिलीपने, मला साक्षीला बोलावलं. दोघांच्या बगिच्यांना एकच विहीर, आणि पाण्याच्या पाळ्या आजवर तोंडीच ठरायच्या. दिलीप खाली बघून म्हणाला, "भाऊ, राग नको मानू. या खेपेस लिहून घेऊ."

भगवंतरावाने खिशातला पेन काढून त्याच्यापुढे ठेवला.

"घे लिहून, बापा. माह्या शब्दात आता काही राहिलं नाही."

भगवंतरावाने सही केली. दिलीपने कागद दोनदा वाचला आणि मगच खिशात घातला.