नानांच्या मोटारीचा अर्थ

नाना मोटारीत बसून पुष्कळ प्रवास करत, मोटार मात्र जागची हलत नसे. संध्याकाळी कोर्टातून आले, चहा झाला, की अंगणातल्या त्या जुन्या विलायती गाडीत स्टेअरिंगमागे बसायचे, काच खाली करायचे आणि ओट्यावरच्या माईंना वाटेतली गावं सांगायचे. "अंजूरफाटा आला हं. आता वळतोय." माई तांदूळ निवडता निवडता विचारायच्या, "भात कापून झाला का तिकडे?" "झाला की. पेंढ्या रचून ठेवल्यात." असं करत करत नवरा-बायको खारबावच्या खाडीपर्यंत जायची. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम खटखटत असायचे, उन्हं शेवग्याच्या शेंड्यावर गेलेली असायची, आणि मी नवी भाडेकरीण दारात उभी राहून या घरात शहाणं कोण आहे याचा अंदाज घेत असे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. भिवंडीत तेव्हा घराशेजारी घर नसून लूमच होता म्हटलं तरी चालेल. मी शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि नानांच्या घराची मागची खोली मला मिळाली होती. नाना कोर्टात कारकून. माईंना दमा. सुताची बारीक तूस हवेत असायची, ती पापडांवर बसायची, तुळशीवर बसायची आणि माईंच्या छातीत तर घर करून राहायची. त्यांना रोज घटकाभर मोकळ्या हवेत नेत जा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर नानांच्या डोक्यात खाडीचा वारा शिरला. कोर्टातले एक म्हातारे वकील मुलाकडे कायमचे निघाले होते, त्यांची गाडी नानांनी मागून घेतली. एवढ्या एका वाऱ्यासाठी माणसानं मोटार घ्यावी, याचं मला आधी हसू आलं आणि मग फार कौतुक वाटलं.

पण गाडी सुरू केली की मागून निळ्या धुराचे लोट निघत. पहिल्याच दिवशी नानांनी डबाभर तेल ओतून गाडी काढली, माई नवं लुगडं नेसून बसल्या आणि फाटकापर्यंतही न जाता खोकत खोकत उतरल्या. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "धूर थांबला की बसेन. तोवर तुम्ही नुसतं सांगा, मी ऐकते." त्या दिवसापासून हा ओट्यावरचा प्रवास सुरू झाला होता. माईंना तो आवडायचा. नानांनाही आवडायचा, पण रात्री माईंचा श्वास ऐकत पडलेल्या माणसाला नुसत्या आवडीवर भागवता येत नाही.

रविवारी सकाळी दुरुस्ती निघे. मला गाडीच्या मागे उभं करून नाना इंजिन चालू करत आणि ओरडत, "बाई, रंग सांगा!" त्यांचा हिशेब पक्का होता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे आत पाणी, निळा म्हणजे इंजिनातलं तेल जळतंय. मी एकदा नीट निरखून सांगितलं, "पारव्याच्या मानेसारखा आहे." नाना इंजिन बंद करून खाली उतरले. "मास्तरीणबाई, कविता वर्गात. इथे काळा, पांढरा, निळा, एवढंच बोलायचं." पुढे मीही सरळ "निळा" म्हणायला लागले, आणि प्रत्येक वेळी ते "हूं" करत, जसं काही मीच तो सोडला होता.

समोरच्या काट्यांचं आणखी वेगळं. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असली तरी पोट भरल्यासारखा वर जाऊन बसे. तेलाचा काटा कायम तळाला. नानांचा त्या काट्यांवर विश्वास मात्र दांडगा. तेलाचा काटा खाली दिसला की ते बिचाऱ्या गाडीची तहान भागवायला डबा घेऊन धावत. आत सळई घालून तेल बघायची सोय होती, पण ती त्यांना कमीपणाची वाटे. "सळईनंच बघायचं तर समोर काटा कशाला दिलाय?" असं ते विचारत आणि पुन्हा तेल ओतत. एकदा ते एकटेच गाडी घेऊन राहनाळपर्यंत गेले, तिथे ती बंद पडली. शेतातून एक ओळखीचा म्हातारा बांधावर आला, धुराकडे बघत म्हणाला, "नाना, ही गारी हाय का बंब हाय? पानी तापलं का न्हाय?" हे घरी येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि माईंना हसताना खोकल्याची उबळ आली तसे पाण्याचा तांब्या आणायला आत धावले.

कारखान्याचा वायरमन ड्युटीवर जाता जाता कुंपणावरून डोकवायचा. त्यानं एकदा नानांना काटे उडताना बघून सांगितलं, "नानाजी, इसका अर्थ नहीं लगा है. पहले अर्थ देखो," आणि शिफ्टचा भोंगा झाला म्हणून पळाला. नानांना ते फार लागलं. गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. आपण ते वरवर वाचलं, त्याचा अर्थच आपल्याला लागलेला नाही, हे त्या माणसानं बरोबर ओळखलं, असं त्यांना वाटलं. मग डिक्शनरी आली. संध्याकाळचा प्रवास बंद झाला आणि ओट्यावर पारायण सुरू झालं. नाना एकेका वाक्याचा अन्वय लावत, मी शब्द काढून देई, माई कंदिलाची काच पुसत म्हणत, "काय बाई ही गीता!" आमच्यातल्या एकालाही त्या वायरमनला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही.

एका दिवेलागणीला नानांनी सहज गाडीचे दिवे लावले. लावल्याबरोबर दोन्ही काटे एकदम दचकले. दिवे घालवले, काटे जागेवर. पुन्हा लावले, पुन्हा तेच. नाना पुटपुटले, "दोघं एकाच वेळी खोटं बोलतायत. म्हणजे यांना बोलायला लावणारा तिसराच कुणीतरी आहे." तेवढ्यात वायरमन शिफ्ट संपवून चाललेला दिसला. नानांनी त्याला आत ओढून आणलं. "अहो, पूर्ण पुस्तकाचा अर्थ लावला, तरी हे असं!" तो बघतच राहिला. मग डॅशबोर्डच्या मागे हात घालून त्यानं गंजलेली, सुटून लोंबणारी एक वायर बाहेर काढली. "नानाजी, किताब का नहीं! ये अर्थ! अर्थिंग!" सगळ्यात जास्त नाना हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वायर घासून पत्र्याला घट्ट बसवली तसे काटे शहाण्यासारखे आपापल्या जागी आले, आणि तेलाचा काटा चांगला वर चढलेला बघून नानांचं हसू थांबलं. "म्हणजे तेल कमी नव्हतंच," ते हळूच म्हणाले. "मीच कोंबत होतो. तेच जळत होतं." दुसऱ्या दिवशी जास्तीचं तेल काढून टाकलं. दोन-चार फेऱ्यांत धूर विरत गेला. रविवारी मी मागे उभी राहिले आणि वाकून बघतच राहिले. "रंग सांगा!" नाना ओरडले. मी म्हटलं, "रंगच नाही, नाना." ओट्यावरून माई चपला शोधायला उठल्या.

माईंच्या पहिल्या फेरीला त्यांनी मलाही नेलं. नाना सवयीनं गावं सांगत होते, "अंजूरफाटा आला हं," आणि माई काचेबाहेर बघत म्हणाल्या, "अहो, गप्प बसा. दिसतंय मला." खारबावजवळ खाडीचा खारा वारा आत आला. माईंनी तो नाकातोंडानं घेतला आणि घेता घेता मान कलती होऊन त्यांना झोप लागली. न खोकता, न दचकता. नानांनी इंजिन बंद केलं. भरतीचं पाणी चढेपर्यंत आम्ही तिथे बसून होतो. तो सबंध हिवाळा आणि उन्हाळा ती दोघं रोज संध्याकाळी खाडीवर जात राहिली. आजही खारा वारा आला की मला माईंची ती झोप आठवते.

पुढच्या श्रावणात माई गेल्या. वाऱ्यानं त्यांना एक बरं वर्ष दिलं, त्याहून जास्त काही त्याच्या हातात नव्हतं. नाना कोर्टात जात, येत, चहा घेत. गाडीवर पुन्हा तूस साचली. मग एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "बाई, जरा मागे उभ्या राहता का?" मी राहिले. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी म्हटलं, "काही नाही नाना, स्वच्छ आहे." त्यांनी दिवे लावले, घालवले, पुन्हा लावले. मी पुढे येऊन खिडकीपाशी उभी राहिले. काटे जरासुद्धा हलत नव्हते.

"सगळे काटे बरोबर आहेत, बाई," नाना म्हणाले. मग त्यांनी रिकाम्या ओट्याकडे बघितलं. "पण अर्थ लागत नाही."

मी मराठी शिकवत होते, मुलांना रोज शब्दांचे अर्थ सांगत होते.  त्या संध्याकाळी मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून नुसती शेजारी बसले.