शेवंतीच्या वाटच्या देवी

टिपणीसबाई मुळात भित्र्या. पाल दिसली तरी खुर्चीवर चढायच्या. पण घाटकोपरच्या त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसरीचा वर्ग त्यांच्याइतक्या मायेनं कुणी सांभाळला नाही, हेही तितकंच खरं. कुणी कुणाला मदत केली की शनिवारी त्याचं नाव फळ्यावर लिहायच्या. पोरं त्या नावासाठी नुसती जीव टाकायची.

छपन्न साल असावं. जवळच्या एका चाळीत देवीचा रोगी सापडला आणि टोचणारा माणूस शाळेत आला. हजेरीपटातली नावं पुकारून तो एकेकाच्या डाव्या दंडावर देवी टोचू लागला. बाईंना ते बघवेना. रडणाऱ्या एका पोराला नळावर न्यायचं निमित्त करून त्या सटकल्या, त्या सगळं आटोपल्यावरच परतल्या.

तिसऱ्या दिवशी रत्नप्रभेला पाटी उचलेना. बाईंनी तिची बाही वर केली. डावा दंड सुजलेला, तो सुजणारच. पण उजवाही तसाच! खोदून विचारलं तेव्हा पोरीनं ऐटीत सांगितलं की शेवंती घाबरून बाकाखाली दडली होती, म्हणून तिचं नाव आल्यावर हिनंच दुसरा हात पुढे केला. टोचणाऱ्यानं मान वर करून बघितलं असेल तर शपथ.

"तिच्या वाटचं मी घेतलं, बाई. शनिवारी माझं नाव लिहाल ना?"

बाईंना दरदरून घाम फुटला. शेवंती यंदाच मालवणाकडून आलेली, तिला जन्मात देवी काढलेल्या नव्हत्या. राहायला रोगी सापडला त्याच चाळीत. आणि आज गैरहजर.

रत्नप्रभेला काय रागावणार? पळून तर बाई स्वतः गेल्या होत्या. वर्ग शेजारच्या काशीराम गुरुजींवर टाकून त्या धावत सुटल्या. ताप आला असेल, अंगावर फोड उठले असतील, नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. खोलीत पोर गोधडी घेऊन पडलेली. दारातच बाई थबकल्या. आत जावंसं वाटेना, तरी गेल्या. कपाळाला हात लावला. गार! बाई ओरडतील म्हणून सोंग घेतलं होतं कार्टीनं.

तिच्या आईला सांगून बाईंनी तिला तसंच उचललं आणि दवाखान्यात नेलं. सुई बघून शेवंती त्यांच्या पदराला लोंबकळली.

"बाई, तुम्ही घ्या ना माझ्या वाटचं."

"घेता आलं असतं तर घेतलं असतं गं. हे तुलाच घ्यायला हवं. मी धरते तुला."

या खेपेला बाई सटकल्या नाहीत, त्यांनी डोळेही मिटले नाहीत. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पंधरा दिवस नजर ठेवा. मग काय, रोज शाळेआधी बाई चाळीत हजर. आधी पोरीच्या कपाळाला हात, मगच शाळा. पंधराव्या दिवशीही कपाळ गारच लागलं, आणि बाई उंबऱ्यावर मटकन बसून ढसाढसा रडल्या.