कोपरा उडालेला दगड

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी बेंबळीच्या दवाखान्यात लसींचा डबा भरत होते. "ताई, हे उठंनात..." एवढंच ती म्हणाली. मी नर्स आहे. अशा वेळी दुसऱ्यांच्या घरी पहिली मी पोचते, नाडी बघते, रडणाऱ्यांना बाजूला करते. त्या सकाळी मात्र मी म्हणाले, "उठंनात म्हणजे? हलवून बघा की." मग डबा पूर्ण भरला, झाकण लावलं आणि निघाले. नळदुर्गला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं, दादा ओट्यावर चहा पीत बसलेला असेल. आठच दिवसांपूर्वी त्याचं बीपी मीच बघितलं होतं. चांगलं होतं.

दादाचं हायवेलगत सलून. आमच्या वडिलांचा, अप्पांचाच धंदा त्यानं पुढं चालवला. पण त्याचा खरा जीव वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या दगडांत. पूर्वी प्रत्येक न्हाव्याच्या धोकटीत, हत्यारांच्या पिशवीत, असा एक दगड असायचा, तळहातात मावणारा, गुळगुळीत. पातं बदलायचे वस्तरे आले आणि ते दगड अडगळीत गेले. सोमवारी दुकान बंद ठेवून दादा मोटारसायकलवर गावोगाव म्हाताऱ्या न्हाव्यांची घरं धुंडाळायचा. कुणाच्या रांजणाखाली, कुणाच्या दाराला अडकण म्हणून लावलेला दगड मागून, विकत घेऊन यायचा. घरी आणला की सोड्याच्या गरम पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवायचा. कित्येक वर्षांचं मुरलेलं तेल आणि साबण वर यायचा, वास सगळ्या घरात. मग दगडावर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून पाण्यात घासत राहायचं. रेघ जिथं उरते तिथं खळगा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

"दादा, घरात बसायला जागा न्हाय, आन् तू दगड गोळा करतोस," मी म्हणायची.

"तू गावभर सुया टोचत हिंडतीस, मी बोलतो का काय?"

हा नाद त्याला लागला तो माझ्यामुळं. नोकरीला नवीन लागले तेव्हा न्हाव्यांच्या दुकानात जाऊन, एका गिऱ्हाइकाला एकच पातं, असं सांगत फिरायचं काम माझ्याकडं होतं. सुरुवात घरापासून केली. अप्पांना म्हणाले, "तुमचाच वस्तरा जुना, तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?" माझ्यासमोर अप्पांनी धोकटी उचलली आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवली. पात्याचं माझं म्हणणं बरोबर होतं, आजही तेच सांगते. पण दगड द्यायची गरज नव्हती. "सगळंच देऊन टाका," असं मी म्हणाले होते. त्या वर्षी खंडेनवमीला अप्पांनी पाटावर कात्री मांडली, कंगवा मांडला, आणि मधली जागा मोकळी ठेवून हळदकुंकू वाहिलं.

अप्पा गेल्यावर दादानं शोध सुरू केला. अप्पांचा दगड ओळखायला खूण होती. मी आठ वर्षांची असताना त्यावर चिंचोके फोडले होते, तेव्हा एक कोपरा उडाला. मी गप्प बसले, मार दादानं खाल्ला. पुढं इतकी वर्षं त्यानं घरी आणलेला प्रत्येक दगड आधी कोपऱ्यावर चाचपला... मला त्यावरून एकदाही बोलला नाही.

त्या शनिवारच्या दोनच दिवस आधी, गुरुवारी त्याचा फोन आला होता. "सोमवारी ये. एक दगड दाखवायचाय."

"सोमवारी मला ड्यूटी आहे. दगडच ना? पळून जातोय का कुठं?"

तो हसला. "बरं, तुझ्या सवडीनं ये."

शनिवारी मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमत होती. ओट्यावर पाण्याचं घमेलं होतं, त्यात एक दगड. मी पाणी ओतून दिलं, घमेलं आत नेलं. आल्यागेल्याला बसायला बाकडं काढलं तर ते डुगडुगत होतं, म्हणून तो दगड त्याच्या पायाखाली सरकवला. तेरा दिवस लोक त्यावर बसून उठले. चौदाव्या दिवशी बाकडं आत घेतलं, दगड नळाखाली धरला आणि बोट कोपऱ्यावर गेलं...

मी वहिनीला हाक मारली. "हा कुठला?"

"जळकोटहून आणला. गुरुवारी घासता घासता मधीच थांबले. कोपऱ्यावर बोट फिरवत लई वेळ बसले. मग तुम्हाला फोन लावला. मला म्हणले, तिला आधी सांगू नको, तिनं स्वतः बघू दे." वहिनी माझ्या हाताकडं बघत होती. "मला वाटलं, तुम्ही वळखून उचलून ठिवला."

मी नळ बंद केला. तेरा दिवस तो बाकड्याच्या पायाखाली होता, हे आजपर्यंत कुणाला सांगितलंही नव्हतं.

दगड आता माझ्याकडं आहे, बीपीच्या मशीनशेजारी. कडेच्या रेघा पुसल्यात. मधोमध, जिथं अप्पांच्या वस्तऱ्यानं दगड झिजवला, तिथं दादाच्या पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत. काम अर्धं राहिलेलं मला खपत नाही. वहिनीकडून काच आणली, पॉलिशपेपर आणला. गेल्या सोमवारी रजा टाकून बसले, दगड भिजवला, पेपरवर पालथा धरला... आणि पुसून परत जागेवर ठेवला. दगड काही पळून जात नाही.