वाघोबाच्या दगडावरची चपरास

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की सूर्यमाळचा वाघोबा, शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड, आठवतो. जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी बातमीदार म्हणून तिथे गेलो होतो. दगडाला चिकटलेली वाटोळी चकती दाखवत भगत म्हणाला, "ही देवाची ढाल. हात नका लावू सायब, वाघोबा चिडंल." दर वाघबारशीला तिच्यावर शेंदराचा नवा थर चढे.

एका जागी थर निखळला होता. खाली पितळ होतं आणि त्यावर संस्थानचं राजचिन्ह.

"ही जंगल शिपायाची चपरास आहे, पट्ट्यावरचा बिल्ला," मी म्हणालो.

जानी नावाची बाई पुढे आली. तिचा नवरा संस्थानचा जंगल शिपाई होता. रानात गेला तो परतला नव्हता, आणि ती अजून वाट पाहत होती. चकतीच्या कडेला तिनेच ओवलेली तार होती. तिने ती चाचपली.

"कुठं गावली?"

"वाघाच्या जाळीत," भगत खाली बघत म्हणाला.

कोणी रडलं नाही. जानीने कपाळाचं कुंकू पुसलं नाही. तिने शेंदूर घेऊन उघडं पितळ झाकलं आणि हात जोडले.

"आता हितंच ऱ्हावा," ती हळूच म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, ती देवाशी बोलते आहे.