लाल दोरीचं दुसरं टोक

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता सौदीतल्या राबिघच्या कॅम्पमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बारा तासांची ड्युटी, वर ही भट्टी. गुडघे कुरकुरतात. त्यात परवा मेसमध्ये चिपळूणचा सागर, आमच्याकडचा वेल्डर, मोबाईल नाचवत आला. सुट्टीत त्याचा मित्रांबरोबर काश्मीरला बर्फात ट्रेक ठरलाय.

"सुभेदार, बर्फ पडून थांबला, कडक ऊन पडलं, की वर निघायचं. बरोबर ना?"

"अजिबात नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं."

मग सांगावं लागलं. खरं तर ते सांगायचं म्हटलं की जीव थकतो.

मी तेव्हा हवालदार होतो. पोस्ट नियंत्रण रेषेजवळ. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग छतावरचा बर्फ उपसणे, पिण्यासाठी बर्फ वितळवणे, रेडिओ चेक. दिवस असेच जायचे. त्या आठवड्यात बर्फ पडतच राहिला, मग लख्ख उघडलं. खालच्या पोस्टच्या रेडिओ बॅटऱ्या संपत आल्या होत्या. त्या पोचवायला माझी गस्तीची तुकडी निघाली. ऊन चढून बर्फ सैल व्हायच्या आत उतार ओलांडायचा होता, पण कमरेएवढ्या बर्फात वाट काढता काढता उशीर झाला.

उताराच्या कडेला पाय टाकला आणि खालून ढप्प असा पोकळ आवाज आला. जुन्या कडक थरावर नवा बर्फ धरत नाही. पत्र्यावर टाकलेली गोधडी घसरावी तसा निसटतो.

पण दुसरी वाट नव्हती. ड्रिल ठरलेलं. उतारावर एका वेळी एकच माणूस. पाठीवरच्या पिट्ठूचे पट्टे ढिले, झटकन टाकता यावा म्हणून. कमरेला लांब लाल दोरी, मागे मोकळी सोडलेली. माणूस गाडला गेला तरी दोरी वर राहते, तिच्या मागे खणत जायचं.

शिपाई रघुनाथ मध्यावर छातीपर्यंत रुतला. लान्स नाईक भगवान त्याचा गाववाला, एका आळीतला. तो सरळ उतारावर घुसला.

"भगवान, मागे ये! ऑर्डर आहे!"

"त्याला असा टाकून गावात काय तोंड दाखवू, हवालदार?"

जवळ पोचल्यावर त्याने कमरेची दोरी सोडली, एक टोक हातात धरलं आणि दुसरं रघुनाथला ओढायला त्याच्याकडे फेकलं. तेवढ्यात वर तडा गेला. अख्खा उतार सुटला, दोघेही बर्फाखाली गेले. मी रेडिओवर पोस्टला कळवलं.

"अल्फा, अ‍ॅव्हलांच. टू मेन बरीड. ओव्हर."

"रॉजर. सर्च चालू ठेवा. ओव्हर."

लाल दोरी दिसली. फावड्यांनी, हातांनी खणलं. रघुनाथ निघाला, निळा पडलेला, पण श्वास होता. कमरेला स्वतःची दोरी, मुठीत भगवानची. मला वाटलं, चला, दुसरं टोक धरून भगवान असणार. देवाशपथ, इतकी आशा मला पुन्हा कधी वाटली नाही. खणत गेलो. टोक हातात आलं. मोकळं.

भगवान संध्याकाळी प्रोबला, बर्फात खुपसायच्या लांब सळईला, लागला. गेलेला होता.

सागरने मोबाईल टेबलावर ठेवला. म्हणाला, "मग मित्र अडकला तर नुसतं बघायचं?"

"कडेला उभं राहून बघायचं. दोघे गाडले गेले तर काढणार कोण? आणि ताज्या बर्फावर जायचंच नाही. खलास."

तेव्हा भगवानचा देह घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. रघुनाथ हट्टाने सोबत आला. तिरंग्यातली पेटी अंगणात ठेवली. भगवानची आई बाहेर आली. आधी रघुनाथजवळ गेली, त्याच्या खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवला.

"तुला कुठं लागलं नाही ना रे?" तिने विचारलं.

मग पेटीजवळ बसली.